पुढच्या खेपेला

आमच्याकडे ज्या बाईचा नवरा बोटीवर असतो तिला कुणी फारसं काही विचारत नाही. "कधी येणार?" एवढंच विचारतात आणि उत्तर ऐकता ऐकता पुढे जातात. माझंही उत्तर ठरलेलं असायचं. गणपतीला नाही जमणार, शिमग्याला येतील. नाहीतर शिमग्याला नाही, मे महिन्यात. माझे यजमान मालवाहू बोटीवर कुक. लग्न झालं तेव्हा बोटीच्या भटारखान्यात मदतनीस होते, पुढे चीफ कुक झाले. वर्षाचे नऊ-दहा महिने ते समुद्रावर आणि मी रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला. इथल्या एमआयडीसीत कोळंबी पॅक करणाऱ्या कंपनीत मी सुपरवायझर आहे. घरी सासूबाई होत्या, त्यांना मी आईच म्हणायचे, आणि आमची एक मुलगी.

हे घरी आले की दोन महिने स्वयंपाकघर त्यांचं. मी कामावरून यायचे तोवर सगळं शिजलेलं असायचं आणि शेजारच्या दोन घरांत वाट्याही पोचलेल्या असायच्या. आई म्हणायच्या, "ह्याला दोन माणसांचं रांधता येतच नाही. आख्ख्या बोटीचं रांधतो." ते हसायचे. बोलणं कमीच. मग बॅग भरायची वेळ यायची. मी ती भरायचे, आणि स्टेशनवर सोडून आल्यावर सगळ्यात आधी स्वयंपाकघरातले डबे पुन्हा माझ्या हाताच्या उंचीला आणून ठेवायचे. हे सगळं मला जमत होतं, हे सांगायला हवं. मी रडतबिडत नव्हते.

मागच्या वेळची बोट जुनी होती. अरबस्तानातल्या एका बंदराबाहेर ती नांगर टाकून उभी राहिली. आधी म्हणाले, माल उतरवायला जागा मिळत नाही. मग म्हणाले, मालकाचं काहीतरी कोर्टात चाललंय. मग एके दिवशी मालकाने फोन उचलणंच बंद केलं. पगार थांबला. पाठोपाठ डिझेल आणि शिधा यायचा थांबला. बोट सोडून उतरायचं म्हटलं तर त्या देशाची परवानगी नाही, कारण रिकामी बोट समुद्रात सोडता येत नाही. पासपोर्ट बंदरातल्या कचेरीत. किनारा डोळ्यांना दिसतोय, संध्याकाळी तिथले दिवे लागतात, आणि ही माणसं लोखंडावर बसलेली.

हे सगळं मला एकदम कळलं नाही. तुकड्यातुकड्याने कळलं. ते संध्याकाळी थोडा वेळ जनरेटर लावायचे, तेव्हा फोन चार्ज व्हायचे, आणि मग एकेकाने घरी बोलायचं. मला त्यांचा फोन यायचा तो साधारण मी कंपनीतून चालत घरी येत असताना.

"काय गो, आज काय केलंस जेवायला?"

पहिला प्रश्न हाच. मला उत्तर देववेना. तिकडे हे डाळीत पाणी वाढवतायत, गळ टाकून मासा लागला तर लागला, आणि मी काय सांगू? मी म्हणायचे, "काही नाही, पिठलं-भात."

एकदा ते म्हणाले, "खोटं सांगू नको. रोज कोण पिठलं खातं? बांगडा केलास तर बांगडाच सांग. तिरफळ घातलंस काय तेही सांग. आम्ही चौघं-पाचजण ऐकतोय इथे."

त्यांनी फोन स्पीकरवर टाकलेला असायचा. तेव्हापासून मी रस्त्याच्या कडेला, कंपनीच्या दगडी गडग्याला टेकून, बांगड्याचं तिखलं कसं केलं ते अनोळखी पुरुषांना सांगायचे. कुणीतरी पलीकडून विचारायचं, "वैनी, कोकम किती?" आवाज खूप जवळचा यायचा. फोन बंद केला की माझ्या लक्षात यायचं, की मी ह्यांच्याशी काहीच बोलले नाही.

आईंना आम्ही सांगितलं होतं की बोट माल भरायला थांबली आहे. त्यांनी काही दिवस ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "इतके महिने माल भरतात? अख्खी मुंबई भरून आणतायत काय?" मी आणि मुलगी हसलो. त्याही हसल्या. पण त्या दिवसापासून त्यांनी देवाजवळ लावायचा दिवा माझ्याकडून काढून स्वतःकडे घेतला. त्यांना सगळं कळलं होतं हे मला तेव्हा कळलं.

मी मुंबईला जाऊन आले. ज्या ऑफिसात जायला सांगितलं तिथे गेले, तिथून दुसऱ्या ऑफिसात गेले. कुणी वाईट बोललं नाही. एका बाईंनी तर स्वतःच्या डब्यातली पोळी मला दिली. त्या म्हणाल्या, "ताई, आम्ही रोज पत्र पाठवतोय. तिकडचं कोर्ट बोट विकेल तेव्हा सुटतील." मी विचारलं, कधी विकेल? त्यांनी माझा फोन नंबर पुन्हा एकदा लिहून घेतला. परतीच्या प्रवासात मला वाटत राहिलं की मी कुणावर तरी ओरडायला हवं होतं, पण कुणावर, ते ठरेना.

पावसाच्या सुरुवातीला एक फोन आला. आवाज नेहमीपेक्षा बरा होता.

"दोघांना सोडलं," ते म्हणाले. "बंदरवाल्यांनी परवानगी दिली. उद्या उतरतील."

"आणि तुम्ही?"

"माझं पुढच्या खेपेला."

"पुढची खेप कधी?"

"होईल गो. सुरू तर झालं ना. आई बरी आहे ना?"

"बऱ्या आहेत. आत्ता अळूची पानं काढायला परसात गेल्यात."

आणि त्या खरंच बऱ्या होत्या. मी हे मुद्दाम सांगते. त्या दिवशी आई चालत्याफिरत्या होत्या, हातात कोयती घेऊन परसात उभ्या होत्या, आणि मी तसंच सांगितलं.

श्रावणात आई घरापुढच्या खळ्यात घसरल्या. शेवाळ धरलं होतं. मी दोन दिवसांपूर्वीच चुना टाकून घासलं होतं, पण पाऊस असा की पुन्हा धरलं. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, तेही नीट झालं. डॉक्टर म्हणाले, आता बसवा, उभं करा. पण आईंनी मनातून सोडून दिलं होतं की शरीरानेच, मला सांगता येणार नाही. छातीत कफ भरला. मी रजा टाकली. लघवीची पिशवी बदलायची, कूस वळवायची, पेज चमच्याने घालायची. मुलगी कॉलेजातून आली की मी अंघोळ करून घ्यायचे.

ह्यांना मी सगळं सांगत होते. लपवलं काही नाही. ते रोज विचारायचे आणि मी रोज सांगायचे. ते म्हणायचे, "तिला फोन दे." आई फोन कानाला लावून नुसत्या ऐकायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "बोट लागली काय रे?" तिकडून काही उत्तर आलं नाही. रेंज गेली असेल असं मी म्हटलं.

गणपतीच्या आधी आठवडाभर आई गेल्या, दुपारी, मी त्यांचे केस विंचरत असताना. हे एकुलते एक. वाडीतल्या जाणत्यांनी थोडी कुजबुज केली, मग म्हणाले, नातीनेच द्यावा अग्नी. मुलीने दिला. शेजारच्या मुलाने व्हिडिओ कॉल लावला, पण हे म्हणाले, "दाखवू नको. नुसता फोन चालू ठेव." मी फोन हातात धरून उभी राहिले. पाऊस थांबला होता, लाकडं ओली होती, वेळ लागत होता. पलीकडून काहीच आवाज येत नव्हता. फक्त मधूनच पाणी लोखंडावर आपटल्यासारखं ऐकू यायचं. शेवटी फोनची बॅटरी संपली. माझ्या की त्यांच्या, कुणास ठाऊक.

दिवाळी होऊन गेल्यावर ती बोट विकली गेली आणि उरलेल्या सगळ्यांना सोडलं. मी मुलीला घेऊन स्टेशनवर गेले. ते जिना उतरून येत होते आणि मी त्यांच्या मागच्या माणसाकडे बघत होते. इतके ते बदलले होते. घरी आल्यावर ते आईंच्या खोलीत गेले, खाटेच्या कडेला टेकले, उठले, आणि म्हणाले, "भात मी लावतो."

पण आता त्यांचा भात कमी पडायला लागला. पूर्वी आख्ख्या बोटीचं रांधणारा माणूस, आता तिघांना अडीच माणसांचं करायचा, आम्हाला वाढायचा, आणि टोपात काय उरतं ते बघूनच स्वतःचं ताट घ्यायचा. मी म्हटलं, "अहो, तांदूळ आहेत घरात." ते म्हणायचे, "हो, आहेत ना," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. गोळ्या दिल्या. झोप लागायला लागली.

शिमग्याच्या आसपास केळशीहून एक माणूस आला. बायको आणि मांडीवरचं मूल घेऊन, भाड्याच्या गाडीने, पहाटे निघून. मी दार उघडलं तर तो "वैनी" म्हणाला, आणि आवाजावरून मी ओळखलं. कोकम किती, असं विचारणारा तो. बोटीवर फिटर होता. आमच्या ह्यांना बघताच त्याने पायांवर डोकं ठेवलं आणि उठेचना. त्याच्या बायकोने मूल माझ्या हातात दिलं, अगदी घरातल्या माणसाच्या हातात द्यावं तसं.

चहा झाल्यावर तो बोलायला लागला. हे म्हणाले, "ते राहू दे आता." पण तो थांबला नाही.

"वैनी, तुम्हाला दादांनी सांगितलंच असेल. पहिल्या खेपेला सोडायचं ठरलं तेव्हा यादीत दादा होते. सगळ्यांत जुने तेच. कॅप्टनने नाव वाचलंन्. आणि हिला नववा लागलेला, त्यात रक्तदाब चढलेला, डॉक्टरनी सांगितलेलं की आई-बाळ दोघांपैकी कोण वाचेल ते सांगता येत नाही. मी कोपऱ्यात जाऊन बसलो. दादा उठले आणि कॅप्टनला म्हणाले, ह्याला पाठवा, माझं घरी काही अडलेलं नाही."

त्याची बायको रडत होती. "हे पोचले आणि तिसऱ्या दिवशी मला ऑपरेशनला नेलं," ती म्हणाली. "रक्त यांनीच धावपळ करून आणलं. नाहीतर कोण होतं माझ्याकडे?"

माझ्या मांडीवरचं मूल माझी बांगडी ओढत होतं. मुलगी दाराशी उभी होती. ती बापाकडे अशा नजरेने बघत होती की तशी नजर मी तिच्या डोळ्यांत आधी कधी पाहिली नव्हती. मी ह्यांच्याकडे बघितलं. ते खाली बघत होते.

मी उठले आणि पाहुण्यांसाठी जेवणाचं बघायला गेले. मूल घेऊनच गेले. गॅसपुढे उभी राहिल्यावर माझ्या डोक्यात महिने फिरायला लागले. मिरग, आषाढ, श्रावण, भाद्रपद. ते आले असते. आई पडल्या तेव्हा ते इथे असते. आईंना उचलायला दोन माणसं असती. मूल माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेलं. ते वजनाला चांगलं होतं, गरम होतं. त्याच्याकडे बघून मला असं म्हणता येईना की हे नसतं झालं तरी चाललं असतं. कुणाला म्हणता येईल?

पाहुणे गेल्यावर मी विचारलं.

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार? तेव्हा आई बरी होती. तूच म्हणालीस, परसात गेल्ये."

"हो. मी तसं म्हटलं."

"मग नंतर कसं सांगू? ती तशी पडलेली असताना?"

त्यांचं बरोबर होतं. मी मनातल्या मनात शोधत होते की ह्यात चूक कुठे आहे, म्हणजे तिथे बोट ठेवता येईल.

मग ते स्वतःहून बोलले. एवढं सलग ते आयुष्यात कधी बोलले नव्हते. "आयुष्यभर मी लोकांचा भात शिजवला, गो. खाल्लंनी, ताट ठेवलंनी, गेले. कोण बघतो कुकाकडे? त्या बोटीवर शेवटीशेवटी असं झालं, की मी टोप उतरवला की सगळे गप्प बसून माझ्या हाताकडे बघायचे. मी वाढीन तसं घ्यायचे. भांडण नाही, काही नाही. मला वाटायचं, आपण नसतो तर ह्यांनी एकमेकांना खाल्लं असतं. वाईट दिवस होते. पण मी कशासाठी जन्माला आलो, ते तिथे कळल्यासारखं वाटलं."

"आणि घरी?" मी विचारलं.

"घरी तू सगळं सांभाळतेस की."

त्यांनी ते कौतुकानेच म्हटलं होतं. कॅप्टनलाही त्यांनी तेच सांगितलं होतं ना, घरी काही अडलेलं नाही. खरंच नव्हतं अडलेलं. मी अडू दिलं नव्हतं. मी आईंची कूस वळवत होते तेव्हा मला कधी वाटलं नाही की मी ह्यासाठी जन्माला आले. करायचं होतं, म्हणून करत होते. मला तेव्हा झोप येत होती, एवढंच आठवतं.

मुलीने दुसऱ्या दिवशी फोनवर बापाचा फोटो लावला. खाली लिहिलं, माझे हिरो. मी तिला विचारलं, "आजीचं काय?" ती म्हणाली, "आई, आजी म्हातारी होती. ते बाळ होतं." असं स्पष्ट, एका वाक्यात. मला तिचा राग आला नाही. हेवा वाटला.

घरात बसून ह्यांना बरं वाटेना. पुन्हा बोटीवर जाणार नाही असं त्यांनीच ठरवलं होतं, पण इथे तिघांच्या स्वयंपाकात त्यांचं मन लागेना. शेवटी जयगडला बंदराबाहेर ट्रकवाल्यांची एक खानावळ आहे, तिथे ते लागले. रोज जाऊन-येऊन करणं झेपत नाही म्हणून तिथेच खोली घेतली. रविवारी येतात. कधी येत नाहीत. तिथे त्यांचा भात पुन्हा पुरायला लागला असं ते म्हणाले. मी चांगलं झालं म्हटलं.

केळशीच्या त्या बाळाचा पहिला वाढदिवस होता तेव्हा आम्हा दोघांना बोलावणं आलं. मुलगी पुढच्या प्रवेशाच्या गडबडीत होती. आम्ही गेलो. त्या वर्षी पाऊस लांबला होता, अजून लागला नव्हता. घर माणसांनी भरलेलं होतं, आणि सगळ्यांना आमची गोष्ट माहीत होती. लोक ह्यांना बघायला पुढे येत होते. एक गृहस्थ मला म्हणाले, "भाग्यवान हो तुम्ही. असा माणूस मिळायला पुण्य लागतं." मी हो म्हटलं.

मग त्या फिटरची आई आली. आमच्या आईंच्याच वयाची. काठी टेकत आली, ह्यांच्या समोर खुर्चीत बसली, आणि त्यांच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "माझा मुलगा तू वेळेवर घरी पाठवलास, बाबा. आता मी पण तुझीच आई."

ते खाली वाकले. तिच्या पायांना हात लावला आणि तसेच राहिले. लोकांना वाटलं, नमस्कार करतायत. मला त्यांची पाठ दिसत होती. ती हलत होती. मी चार हातांच्या अंतरावर उभी होते. जाऊन त्यांना धरावं असं वाटलं, आणि त्याच वेळी असंही वाटलं की राहू देत, रडू देत, हे आधीच व्हायला हवं होतं, आमच्या खळ्यात, आईंसमोर. माझे पाय काही हलले नाहीत. त्या म्हातारीनेच त्यांना उठवलं आणि पदराने त्यांचे डोळे पुसले.

येताना आम्ही समुद्राकाठच्या रस्त्याने आलो. दाभोळची खाडी ओलांडली, मग तवसाळहून जयगडला येणाऱ्या फेरीबोटीत बसलो. त्यांना जयगडलाच उतरायचं होतं, दुसऱ्या दिवशी खानावळ होती. ते कठड्याला धरून उभे होते. वाऱ्यात त्यांचा शर्ट फुगत होता. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"पुन्हा तशी वेळ आली तर?" मी विचारलं.

त्यांना कळलं मी काय विचारते ते.

"तेच करीन बहुतेक," ते म्हणाले. "आणि पुन्हा असंच होईल."

मी मान हलवली. मला त्यांच्याशी भांडायचं होतं. इतक्या वर्षांत आम्ही धड भांडलोही नव्हतो, तेवढा वेळच कधी मिळाला नाही. पण भल्या माणसाशी त्याच्या भलेपणावरून कसं भांडायचं? आणि नाही भांडायचं, तर ते महिने कुठे ठेवायचे?

धक्क्यावर उतरल्यावर त्यांनी मला रत्नागिरीच्या गाडीत बसवून दिलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली. "पोचलीस की फोन कर," म्हणाले. गाडी चढावर लागली तोच कंपनीतून फोन आला. रात्रपाळीच्या दोघीजणी येणार नव्हत्या, माल आलेला होता, मी येऊ शकेन का, असं विचारत होते. मी म्हटलं, येते.